जित्या माणसासाठी जागरण

साल 1925. आयर्लंडच्या केरी परगण्यातलं डनक्विन मागे पडलंय आणि तुम्ही होडीत अंग चोरून बसला आहात. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड, एवढीच काय ती होडी! इथले लोक तिला नेव्होग म्हणतात. समोर ग्रेट ब्लास्केट बेट. तिथे ना दुकान, ना डॉक्टर, ना पाद्री.

अंधार पडला की कुठल्याही घरात शिरा. दार वाजवू नका, तशी पद्धत नाही. पीटचा, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीचा, धूर डोळ्यांना झोंबेल, पण पाहुण्याला जागा मिळते ती विस्तवापाशीच. एरवी अशा रात्री गोष्टी रंगतात. आज मात्र घर गच्च भरलंय, कारण थोरली उद्या अमेरिकेला निघाली आहे. मयताजवळ गावाने रात्र जागवायची ही आयरिश रीत, म्हणजे 'वेक'. जाणाऱ्यासाठीही तीच पाळतात. गेलेलं माणूस पुन्हा दिसेल याची खात्री कोणाला? म्हणून हा 'अमेरिकन वेक'.

फिडल सुरू होतं. चार जोड्या उठतात, बुटांच्या ठेक्याने जमीन दणाणते. आई चहा ओतत फिरते. लेकीच्या पेल्यापाशी मात्र तिचा हात रेंगाळतो. तिकिटाचे पैसे मावशीने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डहून धाडलेत. उद्या हीच मुलगी धाकट्याचं तिकीट धाडेल. खरी मेख इथे आहे. सगळं बेट एका छपराखाली आणणारी रात्रच बेट रिकामं करत होती. नव्या सुखसोयींनी जुनी खेडी मोडली, असं आपण सरसकट म्हणतो. इथे तर वीजसुद्धा आली नाही.

पहाटे सारे धक्क्यावर जमतात. बायका मोठ्याने विलाप करतात, होडी सुटते. पुढे डोंगर ओलांडून डिंगल, तिथून छोटी रेल्वे आणि शेवटी कोव्हचं बंदर.

आता भराभर पुढे चला. 1929 मध्ये इथल्याच तोमास ओ क्रिहन यांचं आत्मचरित्र निघालं आणि जगाला हे बेट कळलं. 1941 मध्ये पोरांअभावी शाळा बंद पडली. जानेवारी 1947 मध्ये एक तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर आणता आला नाही, तो दगावला. नेव्होग वल्हवायला धडधाकट माणसंही पुरेशी उरली नव्हती. अखेर 17 नोव्हेंबर 1953 ला सरकारने उरलेल्यांना हलवायला सुरुवात केली. त्यांना डनक्विनच्या बाजूला घरं मिळाली. ब्लास्केटवाल्यांची नातवंडं-पतवंडं मात्र आजही स्प्रिंगफिल्डला भेटतात.