सांडपाण्याची टाकी किती लिटरची?

अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइट गावी वर्षाकाठी पाऊस जेमतेमच पडतो. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. तरीही दर हिवाळ्यात भोवतालच्या वाळवंटात माणसं आपापली चाकांवरची घरं, म्हणजे ‘आरव्ही’, घेऊन उतरतात आणि मोसम संपेपर्यंत येऊन गेलेल्यांचा आकडा लाखांत जातो. ना नळ, ना वीज, ना गटार. अशा मुक्कामाला इथे ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. फिनिक्सहून आम्हीही आमची जुनी आरव्ही घेऊन या गर्दीत जाऊन बसतो. नवखे लोक गाडी लावल्या लावल्या विचारतात, पाणी किती दिवस पुरेल? जुनी खोडं यावर नुसती हसतात. त्यांची काळजी वेगळीच असते. ती कशी बदलत गेली, हे समजून घ्यायला याच गावापासून सुरुवात केलेली बरी.

कारण गाव वसलं तेच मुळी एका विहिरीमुळे. एकोणिसाव्या शतकात कोलोरॅडो नदीवरच्या एरेनबर्गहून प्रेस्कॉटकडे जाणाऱ्या घोडागाड्या ‘टायसन्स वेल्स’ला, म्हणजे चार्ल्स टायसनच्या विहिरीवर थांबत. मार्था समरहेज या लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोने १९०८ साली ‘व्हॅनिश्ड अ‍ॅरिझोना’ या पुस्तकात आपल्या प्रवासाच्या आठवणी लिहिल्या. त्यात या ठाण्याबद्दल एकही बरा शब्द नाही. पण जागा आवडो न आवडो, जनावरांना पाणी पाजायचं तर थांबणं भाग होतं.

गावच्या स्मशानात दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट. खाली हादजी अली पुरलेला आहे. अमेरिकनांनी त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. वाळवंटातली रसद वाहायला उंट उपयोगी पडतील, या विचाराने अमेरिकी संसदेने १८५५ मध्ये तीस हजार डॉलर मंजूर केले. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरले आणि त्यांच्याबरोबर त्यांना हाकणारी माणसं. हादजी अली त्यांतला. १८५७ मध्ये एडवर्ड बील ही उंटांची तुकडी घेऊन कोलोरॅडो नदीपर्यंतचा रस्ता आखायला निघाला. या मोहिमेत उंट स्वतः तहानलेले राहत आणि खेचरांसाठी पाणी वाहत. पुढे यादवी युद्ध पेटलं आणि उंटांचा प्रयोग बारगळला. हादजी अली खाणी शोधत याच मुलखात राहिला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. हिवाळ्यात येणारी मंडळी थडग्यावरच्या उंटासोबत फोटो काढतात आणि पुढे दगड-रत्नांच्या बाजारात जातात.

बीलच्या वाटेच्या बऱ्याच भागावरून पुढे ‘रूट ६६’ गेला. मोटारी आल्या तरी पाण्याची चिंता तीच राहिली, उलट आता इंजिनालाही तहान लागू लागली. मोहावी वाळवंट ओलांडणाऱ्याच्या गाडीपुढे जाड कापडाची पाण्याची पिशवी लटकलेली असे. मी अशी एक पिशवी पहिल्यांदा जुन्या वस्तूंच्या दुकानात पाहिली आणि दुकानदाराने माहिती सांगायच्या आधीच मला ती ठाऊक होती. माझे वडील सोलापूरला एसटीत ड्रायव्हर होते. आमच्याकडची छागल हुबेहूब अशीच. नवी छागल आधी भिजत घालायची, म्हणजे धागे फुगून वीण घट्ट होते. मग पाणी गळत नाही, नुसतं पाझरतं. गाडी पळायला लागली की वाऱ्याने वरचा ओलावा उडतो आणि आतलं पाणी गार पडतं. मोहावीत ते पाणी माणसाने प्यायचं आणि रेडिएटर उकळला की त्याच्याही घशात ओतायचं.

इथवरची सगळी गोष्ट पाणी आणण्याची आहे. वापरलेल्या पाण्याचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण ते जमिनीवर ओतलं जायचं आणि विषय संपायचा.

श्रीमंतांना मात्र सोय आधी मिळाली. १९१० साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने ‘टूरिंग लँडो’ ही गाडी मांडली. शोफरच्या सीटमागून उघडणारं घडीचं बेसिन आणि शौचाचं भांडं त्यात होतं. ते भांडं ओतायचं काम कुणाच्या वाट्याला येत असेल, हे सांगायला नकोच. सामान्यांची हौस पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाली. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाच्या डिसोटो पार्कमध्ये ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना निघाली. फोर्डच्या गाड्या, तंबू, डबाबंद जेवण, आणि खूण म्हणून रेडिएटरच्या झाकणावर चिकटवलेला पत्र्याचा डबा. गावोगावच्या नगरपालिकांनी आधी कौतुकाने फुकट तळ उघडून दिले. पुढे घाण आणि फुकटेपणा अंगाशी येऊ लागला, तसं भाडं लावायला सुरुवात केली. त्या काळच्या ट्रेलरमध्ये बेसिनखालची नळी सरळ बाहेर निघे. तिच्याखाली बादली ठेवायची. आठवण राहिली तर.

वॉली बायमच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने १९३६ मध्ये ‘क्लिपर’ ट्रेलर काढला. त्यात स्वतःचा पाणीसाठा होता आणि विजेचे दिवेही. पण खरा पालट मी १९५७चा धरते. त्या वर्षीचा ‘एअरस्ट्रीम’चाच ‘इंटरनॅशनल’ ट्रेलर बाहेरच्या जोडण्यांशिवाय मुक्काम करता येईल असा घडवलेला होता. लोक याला मोकळीक म्हणून नावाजतात. माझ्या मते ती जबाबदारी होती : जे वापराल ते तुमच्याच बुडाखाली साठवा आणि योग्य जागी नेऊन रिकामं करा.

सरकारनेही शेवटी हेच ओळखलं. वाळवंटातली सरकारी जमीन सांभाळणाऱ्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ने १९८३ मध्ये हिवाळी मुक्कामासाठी खास क्षेत्रं आखली. क्वार्ट्‌झसाइटजवळचं ‘ला पोसा’ त्यांपैकीच. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा मोसम. इथला नियम वाचण्यासारखा आहे. गोडं पाणी किती आणलंत, हे तो विचारत नाही. गाडीला कायमची बसवलेली, किमान दहा गॅलनची, म्हणजे सुमारे अडतीस लिटरची सांडपाण्याची टाकी हवी, असं सांगतो. शौचालयाच्या अगदी जवळ उतरणाऱ्यांना काही ठिकाणी सूट आहे.

तर जुन्या लोकांची काळजी ही. पिण्याचं पाणी कॅनने आणता येतं, टँकरवालाही येतो. न्हाणी-बेसिनचं पाणी साठवणारी ‘ग्रे टँक’ मात्र आधी भरते आणि ती भरली की गाडी हलवावी लागते, नाहीतर चाकं असलेल्या ‘ब्लू बॉय’ नावाच्या निळ्या टाकीत पाणी काढून डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागेपर्यंत, ओढत न्यावं लागतं. तिथेही क्रम पाळायचा : आधी संडासाची ‘ब्लॅक टँक’ सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. उलट केलंत तर मागच्या रांगेतला म्हातारा काय बोलेल, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या शेजारी उतरणारे मिनेसोटाचे आजोबा ताटं आधी कागदाने पुसतात, मग स्प्रेच्या बाटलीने दोन फवारे मारतात. अंघोळीचं गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी मी पातेल्यात धरते आणि त्यात भाजी धुते. भिजायला पाणी, मग नळ बंद, साबण, पुन्हा थोडं पाणी. याला ‘नेव्ही शॉवर’ असं भारदस्त नाव आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हा हिशेब गाडी चढाला लागली की आपोआप आठवतो. भरून आणलेलं दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो.

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. सुट्टीत कॅरव्हॅन भाड्याने घेणार असाल, तर पलंग, एसी, टीव्ही जरूर बघा. पण पैसे देण्याआधी मालकाला विचारा, सांडपाण्याची टाकी किती लिटरची आणि ती रिकामी कुठे करायची. तो उत्तर देताना घुटमळला, तर दुसरी गाडी बघा.