ब्रेथ काउंटर: बाळाचा श्वास मोजणारे गडचिरोलीचे मणी

ब्रेथ काउंटर म्हणजे लहान मुलांचा न्यूमोनिया गावात, घरच्या घरी ओळखता यावा यासाठी गडचिरोलीत तयार झालेले साधे उपकरण. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला सरकवायचे मणी, एवढाच त्याचा पसारा. ना बॅटरी, ना आकडे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या बालमृत्यूंच्या कामातून हे उपकरण जन्माला आले. ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरल्यावर त्याचे रूप ठरले. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नाही अशा दायांनाही ते वापरता यायला हवे होते.

श्वास मोजून आजार कसा कळतो?

न्यूमोनियात फुफ्फुसातील हवेचे बारीक फुगे द्रवाने भरतात. रक्तात प्राणवायू कमी पडू लागतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेते. रडणाऱ्या तान्ह्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून निदान करणे डॉक्टरांनाही सोपे नसते, आणि खेड्यात एक्स-रे कुठून आणायचा? १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की खोकणाऱ्या मुलाचा नुसता श्वासाचा वेग पाहूनही न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास वेगवान.

कागदावर हे सोपे दिसते. पण डोळे बाळाच्या पोटावर, मनात आकडे आणि त्याच वेळी घड्याळावर लक्ष, ही कसरत शिकलेल्या माणसालाही जड जाते. त्या काळी गडचिरोलीतल्या बहुतेक दाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना दहापर्यंत मात्र बिनचूक मोजता येई. म्हणून ब्रेथ काउंटरने पन्नासचे पाच भाग केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. मण्यांच्या दोन ओळी दोन वयोगटांसाठी. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. बेरीज मणी करतात, वेळ वाळू पाहते, दाईने फक्त बाळाकडे पाहायचे. उपकरणाची खरी करामत इथे आहे.

मोजताना काही पथ्ये पाळावी लागतात आणि ती आजही तशीच आहेत. बाळ शांत हवे, रडत किंवा दूध पीत असताना मोजू नये. कपडा वर करून पोटाची हालचाल पाहावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो. ते काही क्षण भराभर श्वास घेते आणि मध्येच पाच-दहा सेकंद थांबते. म्हणून ६० च्या वर आकडा आला तर पुन्हा एकदा मोजतात. आणि श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खोल जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचे नाही. दवाखाना गाठायचा.

गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखून औषध द्यायचे, ही कल्पना 'सर्च'ने १९८८ पासून ५८ गावांत तपासली. तुलनेसाठी ४४ गावे होती. श्वास मोजून कोट्रायमोक्साझोल हे तोंडाने द्यायचे प्रतिजैविक दिले जाई. वर्षभराने पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू उपचाराच्या गावांत हजारी ८.१ होते आणि तुलनेच्या गावांत १७.५. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले. न्यूमोनियाच्या उपचारात दाया प्रशिक्षित कर्मचाऱ्यांपेक्षा मागे पडल्या नाहीत, हेही नंतर दिसून आले.

पहिला श्वास

तरीही मृत्यू उरलेच. त्यांतला मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला होता, आणि तिथे श्वासाचा प्रश्न जन्माच्या क्षणीच उभा राहतो.

गर्भात फुफ्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून मिळतो. जन्मताच हा पुरवठा तुटतो आणि बाळाला काही सेकंदांत हवा आत ओढावी लागते. बहुतेक बाळांना ते आपसूक जमते. दहातल्या साधारण एकाला मदत लागते. कोरडे करणे, पाठ चोळणे, तोंड-नाक साफ करणे एवढ्याने बरेच जण श्वास घेऊ लागतात. उरलेल्यांना बाहेरून हवा द्यावी लागते आणि तीही पहिल्या मिनिटाभरात.

१९९३ पासून 'सर्च'ने घरोघरी नवजात बाळाच्या सेवेचा प्रयोग मांडला. त्यात ३९ गावांत काम आणि ४७ गावे तुलनेला होती. गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण मिळाले, त्यांना आरोग्यदूत म्हटले गेले. आरोग्यदूत बाळंतपणाला दाईसोबत हजर राहत. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी आधी तोंडाने हवा दिली जाई, मग नळी आणि मास्क आले, शेवटी हाताने दाबायची पिशवी आणि मास्क. प्रशिक्षित आरोग्यदूतांच्या हाती हे साधन आल्यावर श्वास कोंडून होणारे मृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटल्याचे संस्थेच्या अभ्यासात दिसले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला त्या घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशोबाने ६२ टक्क्यांनी कमी झाला होता.

वादाचा मुद्दा इंजेक्शनचा होता. डॉक्टर नसलेल्या बाईने दोन किलोच्या बाळाला सुई टोचावी का? आक्षेप फालतू नव्हता, चुकीच्या मात्रेचा धोका खराच असतो. पण पावसाळ्यात नाला भरला की दवाखान्याची वाट बंद होणाऱ्या गावात त्या बाईऐवजी डॉक्टर येणार नव्हता, कोणीच येणार नव्हते.

आशाताईंच्या पिशवीत

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. मात्र जशीच्या तशी नाही. भेटी आल्या, वजन-तापमान-श्वास पाहणे आले. इंजेक्शन आशांकडे दिले गेले नाही. दरम्यान बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ मध्ये देशातील ३८.७ टक्के प्रसूती संस्थेत झाल्या होत्या, २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के. पहिल्या श्वासाची जबाबदारी त्यामुळे प्रसूतिगृहातल्या परिचारिकेकडे गेली.

नंतरच्या श्वासांची जबाबदारी मात्र घरीच राहते, कारण दोन-तीन दिवसांत आई बाळाला घेऊन परत येते. गडचिरोलीच्या सीमेलगत, गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या पट्ट्यातही आशाताईचे वेळापत्रक हेच असते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. म्हणजे पाचवीच्या आधी एकदा आणि नंतर लगेच दुसऱ्यांदा ती घरात येऊन जाते. या भेटींसाठी मिळून तिचे मानधन २५० रुपये ठरले. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडलेला असेल तर तो कमी करायला सांगणे हेही तिचे काम, कारण घरातला धूर हे मुलांच्या न्यूमोनियाचे एक ज्ञात कारण आहे.

तिच्या पिशवीत वजनकाटा, तापमापी आणि डिजिटल घड्याळ असते. आशा शिकलेली असल्याने मण्यांची गरज तेवढी उरली नाही. जगात इतरत्र मोजणीसाठी टिकटिक करणारे टायमर आले, मण्यांच्या माळाही वापरल्या गेल्या आणि आता श्वास आपोआप मोजणारी यंत्रे आहेत. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू सांगतो, पण श्वासांचा वेग पाहण्याची जागा तो घेत नाही. आशाताईच्या नोंदवहीत अजूनही तो आकडा एक मिनिटभर बाळाच्या पोटाकडे पाहूनच भरायचा असतो.