पगाराच्या स्लिपमधले 200 रुपये

परवा हापिसात जेवताना पगाराच्या स्लिपवरून वाद रंगला. टीडीएस, पीएफ सगळ्यांना तोंडपाठ, पण 'प्रोफेशन टॅक्स 200' ही ओळ कशासाठी, ते कुणालाच सांगता येईना. (फेब्रुवारीत 300 कापतात, म्हणून वर्षाचे 2500 होतात.) तर मंडळी, हा कर 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराचा रोज!

आमचा नगर जिल्हा (आता अहिल्यानगर) म्हणजे दोन जिल्हे आहेत. उत्तरेला प्रवरेचे कालवे, ऊस, साखर कारखाने. दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडी माळरानं. 1972 च्या दुष्काळात माझी आजी पाझर तलावावर पाट्या वाहायला जायची. (खऱ्याखुऱ्या पाट्या, आपण हापिसात टाकतो त्या नव्हेत.) पुढे वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या त्या योजनेचा 1977 ला कायदा झाला, तो 26 जानेवारी 1979 पासून लागू. मागेल त्याला काम, आणि 15 दिवसांत नाही मिळालं तर दिवसाला निदान 1 रुपया भत्ता. एक रुपया!

किमान वेतनाचा कायदा तसा 1948 चाच. पण बांधावर जाऊन मजुरी मोजणार कोण? रोहयोमुळे मजुराला दुसरं दार मिळालं. शेतमालक फारच कमी देतोय? मग चला सरकारी कामावर.

आणि मग आलं 1988. शेतमजुरांचं किमान वेतन दुपटीच्या आसपास वाढलं, रोहयोचे दरही त्यासोबत वाढले. पुस्तकात असतं की मजुरी वाढली की मालक माणसं कमी करतो. इथे मालक खुद्द सरकार, आणि त्याने तर हमी दिलेली. माणसं काढायची कशी? मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी आकडे तपासून 1993 साली याचं उत्तर छापलं. नव्या दराने जेवढे लोक कामाला यायला तयार होते, तेवढं काम निघालंच नाही. कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायची गरज नसते हो, नवीन काम उघडलं नाही की झालं.

दर कमी होता तेव्हा ज्याला दुसरा इलाज नाही तोच खडी फोडायला यायचा. दर वाढल्यावर बरी परिस्थिती असलेलेही रांगेत आले. मग काम कुणाला मिळणार? ज्याची ओळख त्याला. कोयता घेऊन ऊसतोडीला जाता येत नाही अशी म्हातारी, एकटी बाई मागेच राहणार.

आजीला विचारलं, तर म्हणाली, "रोज वाढला खरा, पण काम कुठं होतं?"

म्हणून वाढ चुकली का? मला तरी तसं वाटत नाही. अर्ध्या मजुरीत राबवून घेणं म्हणजे काही उपकार नव्हते. दर कायद्याने ठरला, कामं किती काढायची ते मात्र साहेबांच्या मर्जीवर राहिलं, घोळ तिथे झाला. वर पैसा नव्हता म्हणावं, तर पुढच्या काळात आपला हा कर भरभरून जमा होत होता आणि योजनेवरचा खर्च मागे पडत होता.

सोमवारी हापिसात हे सगळं ऐकवलं. एकजण शांतपणे म्हणाला, "मग ते 200 परत मागता येतील का?"