नीलाशोथ (सलाईनच्या जागेचा)
शिरेच्या आतल्या अस्तराचा दाह. सलाईनची बारीक नळी (कॅन्युला) शिरेत हलणे, पोटॅशियम क्लोराइडसारखे दाहक औषध किंवा जंतुसंसर्ग ही कारणे. कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत विषारी साप चावला, तर प्रतिविष शिरेतूनच द्यावे लागते. तेव्हा हाती असलेली शीर नीलाशोथामुळे गमावणे परवडत नाही. कोपराची घडी टाळून कोपराखालच्या हातावरची सरळ शीर निवडावी. उपचाराला पुरेल तेवढीच बारीक, बहुधा निळी २२ किंवा गुलाबी २० गेजची कॅन्युला घ्यावी. पारदर्शक पट्टीखालची जागा प्रत्येक पाळीत पाहावी, बोटाने हलके दाबून दुखते का ते विचारावे. टोचल्या जागी दुखणे, लाली, सूज यांपैकी दोन लक्षणे दिसताच कॅन्युला काढून दुसरीकडे लावावी. रुग्ण ‘हात ठणकतोय’ म्हणाला, की परिचारिकेने सलाईन थांबवून आधी हात पाहावा.