मराठीतील ‘कंपनी’ : एका शब्दाचे अनेक आगमन

परभाषेतून आलेला शब्द मूळ भाषेतील आपले सर्व अर्थ बरोबर घेऊन येतो, अशी एक समजूत कोशरचनेत नकळत रूढ झालेली आहे. इंग्रजी कोशात अर्थ ज्या क्रमाने दिलेले असतात, त्याच क्रमाने ते मराठी नोंदीत उतरविले की काम झाले, असे मानले जाते. ही समजूत कितपत साधार आहे, हे तपासण्यास ‘कंपनी’ हा शब्द विशेष उपयुक्त आहे. पुणे शहराच्या गेल्या सुमारे सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात हा शब्द राज्यकर्ती सत्ता, व्यापारी भागीदारी, नाट्यसंस्था, चित्रपटसंस्था, कारखाना, मालाची छाप आणि सोबत अशा विविध अर्थांनी वावरलेला आहे. हे अर्थ एकातून दुसरा असे उमललेले नाहीत. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या संस्था आल्या आणि त्यांनी तोच शब्द पुन:पुन्हा मराठीत आणला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मूळ अर्थ आणि त्यांचा क्रम

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. यांवरून उत्तरकालीन लॅटिनमधील ‘कोम्पानिओ’, म्हणजे एका भाकरीचा वाटेकरी, हा शब्द झाला. प्राचीन फ्रेंचमधून तो तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत उतरला. तेथे प्रथम सोबत व समुदाय, पुढे शिपायांची तुकडी, व्यापाऱ्यांचा संघ, नटांचा संच असे त्याचे अर्थ विस्तारत गेले. या व्यापारी संघांपैकी एक संघ अखेरीस राज्यकर्ता बनला. म्हणजे इंग्रजीत सोबत हा अर्थ आरंभीचा आणि राज्यसत्ता हा अगदी शेवटचा होय. मराठीत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो.

२. कुंपणी सरकार

३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेल्या ईस्ट इंडिया कंपनीकडे १६६८ मध्ये मुंबई बेट आले. मराठी मुत्सद्द्यांना प्रथम परिचय झाला तो या एका कंपनीचा. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आणि १८१८ मध्ये झालेला पेशवाईचा अंत, या घटनांनी पुण्यात ‘कंपनी’ हे सरकारचेच नाव झाले. बोलीत त्याचे रूप ‘कुंपणी’ असे झाले. पुढील ओष्ठ्य वर्णामुळे आद्य स्वराला उकारत्व आले आणि दंतमूलीय नकाराच्या जागी मूर्धन्य णकार आला. ‘कुंपण’ या देशी शब्दाचे सान्निध्यही या रूपास पोषक झाले असावे.

या अर्थी हा शब्द वस्तुत: विशेषनाम होता. कुंपणी एकच, तिचे अनेकवचन करण्याचा प्रसंगच फारसा नव्हता. इंग्रजी न जाणणाऱ्याला या शब्दात व्यापारी भागीदारी दिसण्याचे कारण नव्हते. त्यास दिसत होता तो शेतसारा, कचेरी आणि पलटण. १८५८ मध्ये कंपनीची राज्यसत्ता संपली आणि १८७४ मध्ये तिचे कायदेशीर अस्तित्वही संपुष्टात आले. तिच्याबरोबर ‘कुंपणी’ हे रूपही चालू बोलीतून हळूहळू मागे पडले. आजचे ‘कंपनी’ हे रूप त्याचे सुधारलेले अपत्य नसून, इंग्रजी शिकलेल्या पिढीने केलेली ती दुसरी उसनवारी होय. रूपातील हा भेदच दोन आगमनांचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

येथे लष्करी परिभाषेशी तुलना बोधप्रद ठरते. महादजी शिंदे यांनी डी बॉयनच्या हाताखाली कवायती फौज उभारली. तिच्या तुकड्यांना ‘कंपू’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज ‘कांपो’ किंवा इंग्रजी ‘कँप’ यावरून आलेला आहे. आज ‘कंपू’ म्हणजे स्वार्थासाठी एकत्र आलेली टोळी, आणि ‘पलटण’ म्हणजे घरातील पोरांचा घोळका. हे दोन शब्द छावणीतून घरात आले. ‘कंपनी’चा तुकडी हा अर्थ मात्र छावणीतच राहिला. राज्य राखीव पोलीस दलाच्या ‘कंपन्या’ बंदोबस्तास आल्या, अशा वार्तेपुरताच तो सामान्य वाचकास भेटतो.

३. मंडळी आणि कंपनी

भागभांडवली कंपन्यांच्या नोंदणीचा कायदा हिंदुस्थानात १८५० मध्ये झाला आणि मर्यादित जबाबदारीचे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले. राज्यकर्ती कंपनी मावळत असतानाच लहान लहान कंपन्या निघू शकतील अशी सोय झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात जोतीराव फुले यांचा ज्या व्यवसायाशी निकट संबंध होता, त्याचे नाव ‘पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’ असे होते. जो शब्द पूर्वी सत्तेचे नाव होता, तो आता बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या एतद्देशीय भागीदारांनी स्वत:स लावून घेतला. शब्दाला अनेकवचन प्राप्त झाले ते या टप्प्यावर.

तथापि शिष्ट मराठीने तो सहजासहजी स्वीकारला नाही. ‘अँड कंपनी’ याचा अनुवाद ‘आणि मंडळी’ असा होऊ लागला. ‘दामोदर सावळाराम आणि मंडळी’ ही ग्रंथप्रकाशकांची पाटी जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून परिचित आहे. रंगभूमीवर तर हा अनुवाद सर्वमान्य झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ज्यांचे ‘शाकुंतल’ प्रथम रंगभूमीवर आले, ती अण्णासाहेब किर्लोस्करांची संस्था ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ होय. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी स्थापिली तीही ‘गंधर्व नाटक मंडळी’.

परंतु पाटीवर ‘मंडळी’ आणि तोंडी ‘कंपनी’ असा भेद प्रारंभापासूनच दिसतो. ‘गंधर्व कंपनी’, ‘कंपनीचा मुक्काम’, ‘कंपनीत मुलगा ठेवला’ असेच प्रयोग लोकांत रूढ झाले. याचे कारण इंग्रजीची हौस एवढेच नसावे. ‘मंडळी’ म्हणजे जमलेली माणसे. ती उठून गेली की मंडळी संपली. कंपनीला मालक होता, पगार होता, सामानाच्या पेट्या होत्या, आणि नट बदलले तरी टिकणारे नाव होते. हा नवा आशय ‘मंडळी’ या शब्दात मावत नव्हता. तमाशाची जुनी घडी ज्यास माहीत होती, तो तेथे ‘फड’ असेच म्हणत राहिला. कारण तेथे शब्दाची उणीव नव्हती. विशेष असे की, नाटक कंपनीचे बिऱ्हाड एक, स्वयंपाक एक आणि पंगतही एक असे. एका भाकरीचे वाटेकरी हा लॅटिन मूळ अर्थ, तो ठाऊक नसताही, मराठीत प्रत्यक्ष जगला गेला तो येथेच.

चित्रपटसृष्टीत हा संकोच उरला नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरास निघालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या संस्थेने ‘प्रभात फिल्म कंपनी’ हेच नाव उघडपणे धारण केले. तिच्या जागेत १९६० मध्ये शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली.

४. कारखाना, छाप आणि सोबत

मुंबईतील कापड गिरण्या कायद्याने कंपन्याच होत्या. पण तेथील कामगार ‘गिरणीत’ जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार ‘फॅक्टरीत’ जातो. पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी येथील कामगार मात्र ‘कंपनीत’ जातो. १९५४ मधील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि त्यानंतर वसलेले अभियांत्रिकी कारखाने यांच्या काळात हा प्रयोग रुजला. ‘कंपनीत लागला’ या दोन शब्दांत कायमची नोकरी, ठरलेली पाळी आणि लग्नाच्या बाजारातील पत एवढे सर्व सामावते. येथे शब्द स्थलवाचक झाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

याच काळात ‘कोणत्या कंपनीचा?’ या प्रश्नातून छाप हा अर्थ स्थिर झाला. दुकानदार ‘कंपनीचा माल आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो अस्सलपणाची हमी देत असतो. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कंपनीचा माल त्याज्य ठरला होता. आज ‘कंपनीचा’ हे विशेषण विश्वासाचे द्योतक आहे.

सोबत हा इंग्रजीतील आद्य अर्थ मराठीत सर्वांच्या मागून आला. ‘चहाला कंपनी दे’ असे शहरी बोलीत म्हणतात. ‘सोबत’ ही वाटेवरची किंवा रात्रीची, भय निवारणारी असते; ‘संगत’ बरी किंवा वाईट असते, म्हणजे तिला नैतिक छटा आहे. केवळ फावला वेळ वाटून घेण्यास या दोहोंपैकी एकही शब्द बेताचा नव्हता. ती जागा ‘कंपनी’ने घेतली.

५. उपसंहार

‘मंडळी’चे सगोत्र ‘मंडळ’ आणि ‘महामंडळ’ हे शब्द स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने सार्वजनिक संस्थांसाठी योजिले, आणि ‘कंपनी’ खाजगी उद्योगाकडे राहिली. ही वाटणीही आता ढळली आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले आणि निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र ‘कंपन्या’ झाल्या. कंपनी कायद्यात २००२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ अस्तित्वात आली. ज्या शेतकऱ्याचा पूर्वज कुंपणीला सारा भरीत होता, तो आज स्वत: कंपनीचा भागधारक आहे. विद्युत ‘मंडळ’ जाऊन वीज ‘कंपनी’ आली, हा केवळ पाटीचा बदल नव्हे. वीज ही कोणाची आणि कोणास उत्तरदायी, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत भिन्न आहे.

यावरून कोशकारास एक धडा मिळतो. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे प्रकाशन १९३२ पासून झाले. त्यानंतरच्या काळाची भर घालून उसन्या शब्दांची ऐतिहासिक नोंद करावयाची, तर अर्थांना इंग्रजी क्रमांक देऊन भागणार नाही. प्रत्येक अर्थापुढे तो कोणत्या संस्थेने, कोणत्या काळी आणि कोणत्या देशी शब्दाशेजारी आणला, हे नमूद करावे लागेल. अन्यथा नोंद मराठीची होईल, पण तिच्यातील इतिहास इंग्रजीचा राहील.