उपकार की सख्य? : ब्रिटनमधील वृद्धभेटींच्या चळवळीचा इतिहास

वृद्धांच्या परामर्शाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा कायदे, निवृत्तिवेतन आणि वृद्धाश्रम यांकडेच जाते. एक धागा मात्र दुर्लक्षित राहतो. नात्याचा वा वेतनाचा कोणताही संबंध नसलेला तरुण मनुष्य एखाद्या वृद्धाच्या घरी ठराविक दिवशी जातो, त्याच्याशी बोलतो व पुन्हा येतो. या येण्याजाण्यातून जे निर्माण होते, त्यास मैत्री म्हणावे की सेवा? विसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये या प्रश्नास जे वळण मिळाले, त्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

गरिबांच्या घरी जाण्याची प्रथा तेथे जुनीच होती. १८६९ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीचे कार्यकर्ते घरोघर जात. परंतु त्या भेटीत चौकशीचा भाग मोठा असे. मदतीस पात्र कोण व अपात्र कोण, हे ठरविणे हा तिचा हेतू होता. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांस आठवड्यास जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले, आणि दारिद्र्याचा प्रश्न अंशतः तरी सरकारच्या कक्षेत आला. पुढे युद्धकाळात, १९४० साली, एलिनॉर रॅथबोन यांच्या पुढाकाराने वृद्धकल्याणाची राष्ट्रीय समिती उभी राहिली. हीच संस्था १९७१ पासून ‘एज कन्सर्न’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

येथे कायद्यातील एका बारकाव्याची नोंद घेणे आवश्यक आहे. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्यान्वये नगरपालिकांना वृद्धांच्या भोजनाची व करमणुकीची सोय स्वतः करता येत नसे; तसे करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान तेवढे देता येई. ही मर्यादा १९६२ च्या दुरुस्तीने दूर झाली. तोपर्यंत वृद्धांशी निकटचा संबंध ठेवण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवकांकडेच राहिले. त्यामागे परोपकारबुद्धी होती, तशीच ही कायदेशीर रचनाही होती.

या कार्याच्या वैचारिक पायासच धक्का देणारा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. पीटर टाउनसेंड यांनी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या श्रमिक वस्तीतील २०३ वृद्धांच्या मुलाखती घेतल्या होत्या. आधुनिक नगरात वृद्ध सर्वत्र टाकून दिले गेले आहेत, ही समजूत त्यांना खरी आढळली नाही. बहुसंख्यांची मुले वा आप्त जवळच राहत व वारंवार भेटत. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, एकटेपणा आणि एकाकीपणा या दोन भिन्न गोष्टी होत. माणसांचा सहवास कमी असणे हे एकटेपण. सहवासाची उणीव मनास जाणवणे हे एकाकीपण. जो एकटा आहे तो एकाकी असेलच असे नाही. एकाकीपणाचे मूळ बहुधा नुकत्याच झालेल्या वियोगात, विशेषतः पती वा पत्नीच्या मृत्यूत, असल्याचे दिसले. मग जे माणूस गेले त्याची जागा मंगळवारी येणारा परका तरुण कशी भरून काढणार?

या प्रश्नाचे उत्तर सिद्धान्तातून मिळाले नाही. ते व्यवहारातून शोधले गेले. सक्तीच्या लष्करी सेवेची भरती १९६० मध्ये थांबली होती, आणि तरुणांच्या उत्साहास विधायक वाट कोणती, याची चर्चा चालू होती. ॲलेक डिक्सन यांनी १९६२ मध्ये ‘कम्युनिटी सर्व्हिस व्हॉलंटिअर्स’ ही संस्था काढली. १९६४ मध्ये अँथनी स्टीन यांनी लंडनमध्ये ‘टास्क फोर्स’ स्थापून तरुणांना वृद्धांच्या घरी भेटीस, खोल्या रंगविण्यास व बाजारहाटास पाठविले. १९६५ मध्ये ट्रेव्हर लिटल्टन यांनी आरंभिलेल्या ‘कॉन्टॅक्ट’ने निराळी रीत घातली. महिन्यातून एका रविवारी स्वयंसेवक आपल्या मोटारीतून काही वृद्धांना एखाद्या यजमानाच्या घरी चहास नेत. यजमान बदलत, मंडळी मात्र तीच राहत.

या दोन रीतींतील भेद मूलगामी आहे. पहिलीत वृद्ध हा साहाय्याचा विषय होता. दुसरीत तो पाहुणा झाला. शिवाय त्याच त्या मंडळीत वृद्धांचा आपापसांतही स्नेह जुळू शकला. ‘टास्क फोर्स’नेही १९७० नंतरच्या दशकात वैयक्तिक भेटींवरील भर कमी करून निवृत्तांच्या स्वतःच्या संघटनांना बळ देण्याकडे मोर्चा वळविला. साहाय्य घेणाऱ्यास केवळ घेणाराच ठेवणे अपुरे आहे, ही जाणीव त्यामागे होती.

तथापि, सख्याला व्यवस्थेचे रूप येताच नवा पेच उद्भवतो. नोंदणी, प्रशिक्षण आणि २००२ नंतर सुलभ झालेली गुन्हेगारी नोंदींची तपासणी यांमुळे दुबळ्या वृद्धास संरक्षण मिळते, हे निर्विवाद. परंतु मैत्रीत देणेघेणे दोन्ही बाजूंनी असते. भेटवस्तू स्वीकारू नये, असा दंडक स्वयंसेवकास घातला, तर वृद्धाचा देण्याचा अधिकारच हिरावला जातो. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपविला, तेव्हा प्रश्नाची राष्ट्रीय दखल घेतली गेली. हा पेच मात्र सुटला नाही.

या इतिहासावरून एवढे म्हणता येईल की, शासन वेतन देऊ शकते, संस्था दोन माणसांची गाठ घालून देऊ शकते. सख्य मात्र त्या दोघांनीच जोडावयाचे असते. टाउनसेंड यांचा निष्कर्ष अशा भेटी निष्फळ ठरवीत नाही. तो त्यांची मर्यादा दाखवितो. गेलेल्या माणसाची जागा कोणी घेऊ शकत नाही. परंतु नव्या माणसासाठी नवी जागा होऊ शकते. वृद्धभेटींचे मूल्यमापन करताना भेटींची संख्या मोजण्याआधी, वृद्धास त्या भेटीत काय देता आले, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.