मदारी, माकड आणि आम्ही

"सर, बंदर पालना जायज है क्या?"

सातवीच्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा आम्ही फळ्यावर मोगल बादशहांची सनावळ लिहीत होतो. विचारणाऱ्या मुलाने आदल्या रात्री मोबाईलवर कुणा श्रीमंताच्या घरचे मुठीएवढे विलायती माकड पाहिले होते. ते सोफ्यावर बसून बाटलीने दूध पीत होते, आणि याला तसेच एक हवे होते. आम्ही तोंड उघडण्याआधीच शेवटच्या बाकावरून दुसरा मुलगा म्हणाला, "हमारे दादा के पास था." सारा वर्ग हसला. कोणीतरी तोंडाने डुगडुगी वाजविली. त्या मुलाने मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मुलांचा प्रश्न टाळू नये, असे बी.एड.च्या वर्गात आम्हांला शिकविले गेले होते. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि हसणाऱ्या पोरांना गप्प करायलाही आम्हांला उशीरच झाला होता. म्हणून घरी येऊन पुस्तके काढून बसलो. जायज-नाजायजचा फतवा देणे हा आमचा अधिकार नव्हे. आमचा विषय इतिहास. तेव्हा माकड कोणी पाळले, कशासाठी पाळले आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच आम्ही शोधू शकत होतो.

तरी फिकहच्या किताबांत डोकावल्याशिवाय राहवले नाही. तिथे माकडाच्या खरेदी-विक्रीवर एकमत नाही, हे पाहून गंमत वाटली. काही फकीहांच्या मते माकडाचा काही उपयोगच नाही, तर विक्री कशी दुरुस्त ठरावी? शाफई विद्वानांनी म्हटले की त्याला राखणीचे काम शिकविता येते, सबब हरकत नाही. इमाम अहमद यांना माकडाची विक्री नापसंत होती. इब्न कुदामा यांच्या 'अल-मुगनी'त त्याचा खुलासा आहे. खेळासाठी माकडाला दारोदार फिरवायचे असेल तर ही नापसंती, दुकानाची वा सामानाची राखण करायची असेल तर नाही. इब्न कुदामा १२२३ साली वारले. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी दमास्कसच्या विद्वानांसमोरही माकड घेऊन फिरणारा माणूस होता, आणि त्याच्या धंद्याबद्दल त्यांच्या मनात किंतु होता.

हदीसमधल्या दोन गोष्टी आमच्या वाचकांना लहानपणापासून ठाऊक आहेत. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची, चिमणी मेली तेव्हा हुजूरांनी त्या पोराची प्रेमाने विचारपूस केली होती. दुसरी गोष्ट त्या बाईची, जिने मांजर कोंडून ठेवले, त्याला ना खायला दिले ना मोकळे सोडले. पाळण्याची मुभा आणि कोंडण्याची सजा यांच्या मध्ये कुठेतरी आमचे माकड बसते. कुठे, ते इतिहासात पाहू.

मुसलमानांच्या तवारीखमधले सर्वांत बदनाम पाळीव माकड यजीदचे. मसऊदी या इतिहासकाराने त्याचे नाव अबू कैस असे दिले आहे. त्याला रेशमी कपडे चढवीत, मजलिसीत बसवीत, गाढवीवर स्वार करून शर्यतीत उतरवीत. मसऊदी यजीदनंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी लिहितो, शिवाय यजीदबद्दल चांगले लिहिणारा कोण! त्यामुळे त्यातले खरे किती हा वाद राहू द्या. पण लोकांच्या मनात ऐयाशीची खूण म्हणून राहिले ते माकड, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमच्या भूमीवर यायचे तर बाबराकडे यावे लागते. फळ्यावर त्याचेच नाव होते. 'बाबरनामा'त हिंदुस्थानच्या जनावरांची जी लांबलचक नोंद आहे, तीत माकड आहे. पिवळसर केसांचे, गोऱ्या तोंडाचे, आखूड शेपटीचे एक, ज्याला इथले लोक बंदर म्हणतात. दुसरे त्याहून मोठे, काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे लंगूर. आमच्या मराठवाड्यातला शेतकरी माकड आणि वानर असा जो फरक करतो, तोच हा. पहिल्या जातीबद्दल बाबर सहज लिहून जातो की, ही माकडे हिंदुस्थानातून त्याच्या मुलखाकडे नेतात आणि लुली लोक त्यांना खेळ शिकवितात. लुली म्हणजे मध्य आशियातले भटके कलावंत. बाबर १५३० साली वारला. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानचे माकड दोरीला बांधून खैबरपलीकडे चालले होते, आणि दोरीचे दुसरे टोक तेव्हाही फाटक्या माणसाच्याच हातात होते.

बाबराचा पणतू जहांगीर. त्याच्याकडे माकड आले ते निराळ्या वाटेने. १६१२ साली त्याचा सरदार मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून दुर्मिळ चिजा घेऊन आला. बादशहाचा हुकूमच होता की फिरंगी मागतील ती किंमत द्या. त्या नजराण्यात टर्की नावाचा पक्षी होता आणि एक विचित्र माकडही होते. जहांगीरने त्याचे वर्णन असे केले आहे, जणू एखादा सराफ दागिना पारखतो आहे. तोंड कोल्ह्यासारखे, डोळे बहिरी ससाण्याच्या रंगाचे, अंगावर राखी लोकर, आवाज हरणाच्या पाडसासारखा. आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत गजांनी व बोटांनी माप. त्याच ठिकाणी तो म्हणतो की, बाबराने जनावरांची वर्णने लिहिली पण चित्रे काढविली नाहीत, आपण दोन्ही करवितो. ते जनावर कुठल्या मुलखातले, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालू आहे. आम्हांला त्याहून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते कसे जगले, कशाने मेले, त्याला सोबत होती की नाही, यातले काहीच बादशहाने त्या वर्णनात लिहिले नाही. आणि बादशहाचा शौक म्हणून त्याला कोणी हसलेही नाही.

हसायचे ते मदाऱ्याला. आता या शब्दांकडे जरा पाहा. मदारी हा शब्द मकनपूरच्या शाह मदार यांच्या सिलसिल्यातून आला. उत्तरेत माकड-अस्वलवाल्यांना कलंदर म्हणतात. हा शब्द पानिपतच्या बू अली शाह कलंदर यांच्यासारख्या बुजुर्गांच्या नावाला लागलेला आहे. आपल्या महाराष्ट्रात अस्वल घेऊन येणारा तो दरवेशी, म्हणजे दरवेश. तिन्ही शब्द फकिरीचे. ज्याने दुनियेवर लाथ मारली, त्याची ही नावे. आणि आज ती नावे ज्याच्यावर दुनियेने लाथ मारली त्याला चिकटलेली आहेत. हे कसे घडले याची पायरी-पायरीने नोंद कोणी केलेली नाही. गावोगाव हिंडणारे फकीर, त्यांच्या मागे हिंडणारे खेळकरी, उरुस आणि जत्रेतली एकच मोकळी जागा, यातून दोघांची नावे एक झाली असावीत असे आम्हांला वाटते. आमच्या समाजात खानदानाच्या गप्पा मारणारे पुष्कळ. मदाऱ्याच्या घरी सोयरीक मात्र कोणी करीत नाही, आणि मशिदीतली सफ एक असली तरी आम्ही मास्तर लोकही बाहेर आल्यावर त्याच्या बाजूला उभे राहत नाही. लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे.

विसाव्या शतकात माकडाला तिसरे गिऱ्हाईक मिळाले, ते म्हणजे प्रयोगशाळा. रक्तगटापुढे आपण जे आर-एच लिहितो, ती अक्षरे ऱ्हीसस या उत्तर हिंदुस्थानातल्या माकडाच्या नावातली आहेत. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी तो शोध मांडला. पोलिओची लस बनविण्यासाठी त्याच माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला लाखाहून अधिक माकडे हिंदुस्थानातून विमानाने परदेशी जात होती. १९५५ च्या सुरुवातीला लंडनच्या विमानतळावर जवळजवळ चारशे माकडे गुदमरून मेली, तेव्हा सरकारने काही काळ निर्यात थांबविली आणि पुन्हा सुरू केली. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ मध्ये ती कायमची बंद केली. आमच्या शाळेत पोलिओचे थेंब पाजताना आम्ही कितीदा उभे राहिलो आहोत. त्या थेंबांमागचा हा हिशेब आम्हांला कोणी सांगितला नव्हता, आम्हीही मुलांना सांगितला नव्हता.

मग कायद्याची पाळी आली. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा. पहिल्या कायद्याखाली १९९१ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये अधिसूचना निघाली. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करणे बंद. सर्कसवाले मालक केरळच्या हायकोर्टात गेले, तिथून सुप्रीम कोर्टात. १ मे २००१ रोजी बंदी कायम झाली. सर्कसवाल्यांना वकील मिळाले. रस्त्यावरच्या मदाऱ्याला बंदीची खबर बहुधा दंडुक्यानेच लागली.

आमचे मत विचाराल तर, बंदी बरोबर आहे. कुत्रे हजारो वर्षे माणसाच्या अंगणात जन्मत आले, म्हणून ते पाळीव. माकडाचे तसे झालेच नाही. दर वेळी नवे पिल्लू रानातून आणावे लागते, आणि आई पिल्लाला छातीशी धरून असते, ती सहजी देत नाही. हे जनावर टोळीचे. मादी जन्मभर आपल्या आई-बहिणींच्या टोळीत राहते. घरात आणलेले पिल्लू वर्ष-दोन वर्षे गोड वाटते. चार-पाच वर्षांचे झाले की नर आपली ताकद अजमावू लागतो, चावतो. मग साखळी येते, दात तोडणे येते. नीट सांभाळले तर ते पंचवीस-तीस वर्षे जगते. एवढी वर्षे साखळीत! चाव्याचा धोका वेगळाच. १९३२ साली अमेरिकेत एका तरुण डॉक्टरला प्रयोगशाळेतले माकड चावले आणि तो मेंदूच्या आजाराने मेला. त्या विषाणूला त्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून 'बी' विषाणू म्हणतात. तेव्हा ज्याला आपण पाळणे म्हणतो, ते माकडाच्या बाबतीत नुसते धरून ठेवणे आहे, मग धरणारा बादशहा असो की भिकारी.

पण बंदी बरोबर असणे आणि न्याय होणे या दोन गोष्टी आहेत. नाचऱ्या अस्वलांच्या बाबतीत निदान काही संस्थांनी कलंदरांना दुसऱ्या धंद्यासाठी पैसे दिले, त्यांची मुले शाळेत घातली, आणि २००९ च्या अखेरीस शेवटचे अस्वल सुटल्याचे जाहीर झाले. आमच्या गावच्या माकडवाल्यापर्यंत असे काही आले नाही. आता गंमत पाहा. २०२२ च्या दुरुस्तीत संरक्षित प्राण्यांच्या यादीतून ते ऱ्हीसस माकड वगळलेच गेले. खेळावरची बंदी तेवढी राहिली. आणि सोफ्यावरच्या त्या विलायती माकडासारख्या परदेशी प्राण्यांसाठी २०२४ साली नियम आले की, मालकाने ऑनलाइन नोंदणी करावी. मुकर्रब खानाची वाट अजून चालू आहे म्हणायची.

चौथ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. गावाबाहेर नाल्याच्या काठाला सात-आठ पत्र्याची घरे. मुलगा बापाबरोबर कुठल्याशा उरुसात फुगे विकायला गेला होता. आजोबा होते. आम्ही सलाम करून बसलो आणि माकडाचा विषय काढला, तशी त्यांना वाटले आम्ही चौकशीला आलो आहोत. "चाचा, हम तो मास्टर है," म्हटल्यावर ते सैल झाले. त्यांच्या माकडिणीचे नाव लैला होते. सलाम करायची, सासरी जायला रुसायची, आरशात पाहून पदर घ्यायची. शिकविली कशी, असे विचारले. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "भूका रखते थे, सर. झूट क्यों बोलूं? पहले भूका, फिर रोटी. हमारा भी वैसाच था." २००३ साली गाडी आली आणि लैलाला घेऊन गेली. "जंगल में छोड़े क्या उसको?" असे त्यांनी आम्हांला विचारले. वीस वर्षांहून अधिक काळ झाला, तरी ते हे विचारीत होते. माणसाच्या हातावर वाढलेले माकड रानातल्या टोळीत सहसा घेतले जात नाही, हे आम्ही नुकतेच वाचले होते. ते बोललो नाही.

निघताना त्यांनी एक काम सांगितले. नातवासाठी जातीचा दाखला हवा होता. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत मुस्लिम मदारी आहेत; दाखला मिळाला तर शिष्यवृत्ती मिळेल, पोरगा शाळेत टिकेल. पण दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. बाप कुठे जन्मला, कुठे राहिला, जात काय लिहिली. ज्याचे घर गाढवाच्या पाठीवर होते त्याने १९६१ चा कागद कुठून आणायचा? (२०२२ साली वर्तमानपत्रांत आले होते की, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावी ३२ एकर जमीन माकडांच्या नावे लागलेली आहे. वाचून आम्ही तेव्हा हसलो होतो.)

चाचांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला आणि "ये चलेगा क्या, सर? इस में मदारी लिखा है बोलते," असे म्हणून आमच्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हते. तो लैलाच्या जप्तीचा पंचनामा होता. व्यवसायाच्या रकान्यात खरोखरच 'मदारी' लिहिले होते. खाली तारीख होती, २००३ ची. आम्ही त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि अर्जाला जोडल्या. तहसिलात अर्ज अजून पडून आहे. मुलगा शाळेत येतो, पण उरुसाच्या दिवसांत येत नाही.